शेंगची कळ

कॅरमवर नाडगौडांनी क्वीन घेतली होती, कव्हर समोरच होतं, आणि तेवढ्यात त्यांना लघवीची कळ आली.

"तुमची की शेंगची?" बागवानांनी विचारलं.

"तिचीच," म्हणत ते पार्किंगमधून जिन्याकडे पळाले.

मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांची लांबुडकी कुत्री शेंग पुन्हा चालू लागली होती, पण लघवी आलेली तिला कळत नसे आणि स्वतःहून करताही येत नसे. तिच्या मूत्राशयात एक चिप होती. त्या चिपची जोडीदार चिप नाडगौडांनी स्वतःच्या पाठीत बसवून घेतली होती. शेंगचं मूत्राशय भरलं की कळ त्यांना यायची. मग ते तिचं पोट हलक्या हाताने दाबून मोकळं करायचे. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर हे जन्मभराचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. रविवारी तीन महिने पूर्ण होणार होते.

दुसऱ्या मजल्यावर कळ आपोआप ओसरू लागली. चिप बिघडली की काय, म्हणून ते घाबरून थांबले.

वरून बायकोचा आवाज आला. "अहो, लवकर या. ही नव्या गालिच्यावर करतेय."

नाडगौडा पायरीवर बसले.

"अडवू नकोस तिला," ते म्हणाले. "अजून थोडी राहिलीय."