पक्कं दार

सामोआतल्या बिनभिंतींच्या घरातून आईला ऑकलंडला आणलं, तेव्हा सेमिसी तोऱ्यात म्हणाला होता, “इथे न्हाणीघरालासुद्धा कडी असते, आई. कुणी कुणाकडे डोकावत नाही.”

आज त्याच न्हाणीघरात आई घसरून पडली होती, कडी आतून लावलेली. सेमिसी खांद्याने धडका देत होता. दार हलेना. आतलं कण्हणं क्षीण होत चाललं.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली. शेजारी! दोन वर्षांत पहिल्यांदाच. सेमिसी धावला.

“काय धिंगाणा लावलाय? पोलिसांना बोलावू?” शेजारी इंग्रजीत खेकसला आणि उत्तर न ऐकताच निघून गेला.

इंग्रजी न कळणाऱ्या आईचा आतून सुटकेचा आवाज आला, “शेजारी धावून आला ना रे? तू उगाच म्हणायचास, इथे कुणी डोकावत नाही म्हणून. माणसं इथून तिथून सारखीच.”