रुमाल टाकलेलं पोर्ट

स्वरूप चहा आणायला जिना उतरला, तसा अमृत उठला. सारोळ्यात खतांच्या दुकानावरच्या त्या खोलीत चुलतभावांची दोन टेबलं, आणि मधोमध दोघांचं सामाईक मशीन. जरा वेळानं त्याच मशीनवर स्वरूप आपलं नवं टूल पुण्यातल्या टीमला दाखवणार होता.

कंपनीचं सॉफ्टवेअर चालायचं दूरच्या सर्व्हरवरच्या कंटेनरांत, म्हणजे बंदिस्त कप्प्यांत. तिथवर पोचायला आपल्या मशीनवरच्या एखाद्या पोर्टपासून, म्हणजे नंबर दिलेल्या दारापासून, वाट जोडावी लागे, आणि ती सारखी तुटे. तुटली की सगळ्यांचा फोन अमृतला. "अमृतदादा, परत गेलं हो!" तो कुरकुरायचा, पण ज्या दिवशी फोन नाही, त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे. स्वरूपचं टूल तुटलेली वाट आपली आपण जोडून घ्यायचं. टीमचा वेळ वाचला, लोकांची सोय झाली. नुकसान झालं ते एकट्या अमृतचं, आणि ते मांडायला कुठं रकाना नव्हता.

अमृतनं आपल्या लॉगिनमधून जुनी कमांड चालवली आणि ८०८० नंबरचं पोर्ट अडवून ठेवलं. स्वरूप नेहमी तेच घेतो आणि एका पोर्टवर एका वेळी एकालाच बसता येतं, हे त्याला ठाऊक होतं. शिकवलं त्यानंच होतं. कॉलेजला जाताना भोरच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरायची, तेही त्यानंच. आजचा रुमाल एकट्याचा होता.

"दादा, तुज्यात साखर कमी सांगितलीय," म्हणत स्वरूप आला, बसला, स्क्रीन शेअर केली.

"हं, दाखवा," पुण्याहून टीमलीड शेफाली मॅडम म्हणाल्या.

स्वरूपनं बटण दाबलं. अमृत कपात बघत राहिला.

स्क्रीनवर ओळ उमटली : ‘८०८० वर अमृत बसले आहेत. शेजारच्या ८०८१ वरून वाट जोडली.’

"अमृत? तुमचं काही चालू होतं का तिथं?"

अमृतनं कप खाली ठेवला. स्वरूपनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मीच सांगितलं होतं दादाला, मॅडम. जागा धरलेली असली तर टूल काय करतं, ते दाखवायचं होतं."

"मस्त! दोघांचंही कौतुक."

ते अर्धं कौतुक अमृतला शिवीपेक्षा झोंबलं.

स्वरूपनं माइक बंद केला. खाली ठेवलेला कप परत अमृतकडं सरकवला.

"रुमाल उचल आता, दादा," तो हळूच म्हणाला. "गाडीत जागा लई हाय."