तिसरी जांभई
सोलापूरच्या अलीकडच्या ढाब्यावर भानुदास ढेकळे भिंतीकडे तोंड करून जेवत होता. आता सगळेच ड्रायव्हर तसे बसत. कानामागच्या चकतीने दिवसात तीन जांभया मोजल्या की गाडी लॉक होई आणि तिचा माल जवळच्या रिकाम्या गाडीला जाई. भानुदासच्या दोन झाल्या होत्या.

खंडू मासाळ भिंत आणि भानुदास यांच्यामध्ये स्टूल घालून बसला. वीस वर्षं दोघं एका ताटात जेवले होते.

"तुझी गाडी रिकामी दिसतेय," भानुदास म्हणाला.

"चार दिवस झाले. रिकाम्याच्या जांभया मोजत नाहीत." खंडूने तोंड वासून जांभई दिली.

"तोंड मिट, नाहीतर पाना घालीन डोक्यात."

खंडूने दुसरी दिली, सावकाश, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भानुदासने दात आवळले, भाकरी कोंबली. तरी जबडा उघडलाच.

बाहेर त्याची गाडी खटकन लॉक झाली. खंडूचा फोन वाजला.

"हलकट," भानुदास म्हणाला.

"मागच्या महिन्यात तुझी गाडी रिकामी असताना तू माझ्यासमोर अशीच जांभई दिली होतीस," खंडू उठत म्हणाला. "मी तुला दमलेला समजून माझी खाट दिली होती."