मुरमाडातलं स्थळ

चहाचा कप तसाच ठेवून गहिनीनाथ उठले आणि नवऱ्या मुलाच्या रानात शिरले. घर त्यांनी पाहिलं नाही, मुलाकडंही धड पाहिलं नाही. चपलेच्या टाचेनं दोनदा उकरलं. मुरूम करकरला, तसं त्यांचं तोंड कडू झालं.

शेवगावकडं गोदाकाठी त्यांची आठ एकर काळीभोर जमीन होती. पावसाळ्यात तिच्यात रुतलेली चप्पल दिवाळीलाच सापडायची. त्या जमिनीच्या जिवावर ते चारचौघांत छाती काढून बसायचे. आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, मोनिकानं पसंत केला होता पारनेरच्या मुरमाडातला हर्षल. वैरण तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. गाईंच्या लसूणघासाचा नमुना घेऊन आलेला हा मुलगा तिला तिथंच आवडला होता.

"कुसळ उगवंना असल्या रानात," गहिनीनाथ म्हणाले. "माझ्या पोरीनं हितं येऊन खडं येचायचं व्हय?"

हर्षलची आई राहीबाई बांधावर उभी होती. ती भांडली नाही. खाली वाकून विळ्यानं लसूणघासाची मूठभर पेंढी कापली आणि पाहुण्यांच्या हातात दिली.

घास जेमतेम गुडघ्याएवढा, पण पानांनी असा गच्च की देठ दिसेना. गहिनीनाथांच्या रानातला मांडीला लागायचा. ते हसणारच होते. पण वैरण चाखून बघायची दूधवाल्याची सवय, एक काडी दाताखाली धरली. थांबले. दुसरी चावली. मग तिसरी. गोठ्यातली गाय दावं ताणून त्यांच्याकडं बघत हंबरायला लागली. चाळीस वर्षं गाई सांभाळलेल्या माणसाला आपल्याच जिभेशी खोटं बोलता येईना.

"बावीस टक्के प्रोटीन हाय," राहीबाई म्हणाली. "मुरमात पानी थांबत न्हाई, मुळ्या खोल जात्यात. घास उंच व्हत न्हाई, पर पानं लई धरतो. आन् समदा कस पानातच असतो."

"हे तुमाला कुनी सांगितलं?"

"तुमच्या मोनिकानं. तिनंच तपासला की."

गहिनीनाथांनी तोंडातला चोथा गुपचूप गिळला. पेंढी गाईपुढं टाकली, हात झटकले. एवढ्या लांबून येऊन हरल्यासारखं परत जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि एखाद्याला जहागीर बहाल करावी तशा आवाजात म्हणाले, "रान हलकं हाय, पर मानसं बरी दिसत्यात. जावा, दिली पोरगी!"

हर्षल लाजून हसला. राहीबाईनं मोठा सुस्कारा सोडला आणि दोन्ही हात जोडले.

"लई बरं झालं, पाव्हनं. आमचाच जीव खालवर व्हत हुता. पोरीनं तुमच्या काळ्या रानातला घासबी तपासलाय, पंधरा टक्केच भरला. पर मी म्हनलं, जाऊ द्या, पोरगी गुनाची हाय, घिऊ करून!"