खरपुडीची चोरी

मोहनलालशेठची कुंडी तेवढी शाबूत राहिली, आणि तोच त्यांचा गुन्हा ठरला.

जुन्नरच्या परसबाग मंडळातल्या बाकी सगळ्यांच्या कुंड्या आठवडाभरात रिकाम्या झाल्या होत्या. कुंडी जागच्या जागी, नर्सरीची लाल माती उकरलेली आणि आतली खरपुडी कंदासकट गायब!

खरपुडी ही डोंगरउतारावरची नाजूक वेल. श्रावणात तिला इवल्याशा कंदिलासारखं फूल येतं. आपल्या डोंगरातून ती संपत चालली म्हणून बयाबाईंनी दोन वर्षांपूर्वी बी गोळा करून मंडळात घरटी वाटलं होतं. बयाबाईंनी ग्रामसेविका म्हणून उभा तालुका पायी तुडवलेला. दर श्रावणात डोंगर चढून खरपुड्या मोजायच्या आणि आकडा पुण्याच्या संशोधकांना कळवायचा, हा पायंडा त्यांनीच पाडला होता.

गेल्या साली डोंगरात एकच वेल सापडली. यंदा बाईंचे गुडघेही गेले. मंडळाच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "ही माजी शेवटची मोजणी. एक तरी दिसू दे बाबांनो. न्हाईतर समजंन, सारी खटपट पाण्यात गेली."

सगळ्यांचे चेहरे उतरले. आणि दुसऱ्याच दिवसापासून चोऱ्या सुरू झाल्या.

जो तो आपल्या घरच्या चोरीची हकीकत दुसऱ्याहून रंगवून सांगू लागला. मंडळाचा सेक्रेटरी सुदर्शन याचं आळेफाट्याला गॅरेज होतं. त्याच्या मते चोर भिंतीवरून उडी मारून आला होता. खोडदच्या भिमाजीनं तर पायाचे ठसेसुद्धा पाहिले होते. संशय गेला मोहनलालशेठवर.

"पण कंद खाणार तर शेठ न्हाईत," मंडळातल्या गोजरबाई म्हणाल्या. "त्यांच्यात बटाटासुदिक चालत न्हाई."

"खायाला कशाला? पुण्याला इकायला!" सुदर्शन म्हणाला. "यापाऱ्याची जात, राव. सगळ्यांच्या गेल्या, त्यांचीच कशी न्हाई गेली?"

हे शेठच्या कानावर आलं आणि ते भरल्या ताटावरून उठले. तीन पिढ्या जुन्नरच्या पेठेत कापड मोजण्यात गेल्या, पण बोटभर कमी दिलं असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता एका वेलीपायी चोर!

"रविवारी मोजणीच्या वेळी ही कुंडी बाईंच्या हाती देतो आणि मंडळाला रामराम ठोकतो," ते बायकोला म्हणाले.

"कर नाही त्याला डर कशाला?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "कुंडी द्या, पण मंडळ सोडू नका. लोक म्हणतील, चोर पळाला."

रविवारी सगळे डोंगरावर जमले. बाईंसाठी लेण्याद्रीहून डोलीवाले बोलावले होते. डोली टेकवल्याबरोबर मंडळी उतारावर पांगली. शेठ मात्र कुंडीची पिशवी सांभाळत एकटेच चालत राहिले. त्यांच्याजवळ कुणी फिरकलं नाही.

"घावली! घावली!" गोजरबाई ओरडल्या.

"हितं बी हाये!" खालून भिमाजी ओरडला. मग करवंदीच्या जाळीतून सुदर्शन. मग खडकाआडून आणखी कुणीतरी. ज्याला त्याला एकेक खरपुडी सापडत होती. फुलंसुद्धा होती. बाईंचे डोळे भरून आले. डोलीवाल्यांच्या खांद्यांवर हात ठेवून त्या एकेका वेलीपाशी गेल्या आणि भिंग लावून बघत राहिल्या.

"काय शेठ, तुमाला एक बी न्हाई घावली?" सुदर्शननं टोमणा मारला. एकदोघं हसले.

शेठना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून कुंडी काढून बाईंपुढे ठेवली.

"बाई, ही तुमची वेल. मी चोर नाही, एवढं तुम्ही तरी माना."

बयाबाईंनी कुंडीकडे पाहिलं, मग आजूबाजूला जमलेल्या मंडळींकडे.

"सुदर्शन," त्या म्हणाल्या, "पुण्याला आकडा कळव. शून्य."

"शून्य? बाई, एवढ्या समद्या घावल्या की!"

बाई वाकल्या. पायाशी असलेल्या वेलीच्या बुडाशी त्यांनी बोट खुपसलं, लाल झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि खुदकन हसल्या.

"शेठ, तुमी कुंडी घरी न्या, बियाला कुंडीतली तेवढी एकच वेल राहिलीय, आणि बाकीच्यांनो, पुढल्या साली या काळ्या डोंगरात लावताना नर्सरीची लाल माती तेवढी झटकत जा!"