घरातलं सुप्रीम कोर्ट

"हे बघ, अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तिथली संसद कायदा करते, प्रेसिडेंट तो राबवतो आणि दोघांपैकी कुणीही घटना मोडली की कोर्ट कान धरतं. सगळी सत्ता एकाच्या हातात द्यायचीच नाही!" दत्तप्रसाद टेबलावर हात आपटून म्हणाला. लेकीच्या, सृष्टीच्या, अमेरिकन शाळेतला प्रोजेक्ट होता आणि चेव बापाला चढला होता.

स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बानूला ते ऐकून शिसारी आली. दापोलीकडची ही बाई आखातातल्या, रीम आयलंडवरच्या या घरात दोन वर्षं राबत होती. करार पुरा झाला होता, रजा हक्काची होती. तिच्या लेकीला, मुनिबाला, पहिलटकरणीचा आठवा महिना लागला होता आणि माहेरच्या दाराला कुलूप होतं. पण बानूचा पासपोर्ट साहेबांच्या लॉकरमध्ये. अनुपमा मॅडमकडे मागितला की त्या म्हणायच्या, "साहेबांना विचार." साहेब म्हणायचे, "घरातले नियम मॅडम ठरवतात." वर दोघंही सांगायची, "बानूताई, पासपोर्ट मालकाकडेच राहतो, इथला कायदाच आहे तसा." इंग्रजी न येणाऱ्या बानूने ते खरं मानलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!

"चल, खेळूनच बघू," दत्तप्रसाद म्हणाला. "मम्मी काँग्रेस, मी प्रेसिडेंट, तू सुप्रीम कोर्ट. तुला नेमणार मी, मंजुरी देणार मम्मीच्या काँग्रेसमधली सिनेट. पण एकदा नेमलं की मला तुला काढता येत नाही. म्हणून तर जज कुणाला भीत नाही."

सृष्टीने बापाचा काळा कोट अंगात चढवला. "नाऊ आय नीड अ केस!"

"बानूताईला विचार, तिची असेल एखादी," अनुपमा हसत म्हणाली.

बानू पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "आहे. माझा पासपोर्ट मला पायजे."

सृष्टी बारा वर्षांची, पण अभ्यासात काटेकोर. तिने टॅबवर सरकारी पान शोधलं, मोठ्याने वाचलं आणि बानूकडे वळून सांगितलं, "पासपोर्ट वर्करकडेच पाहिजे. असा लॉ आहे. पापा, यू आर ब्रेकिंग द लॉ."

बानू टेबलाजवळ सरकली.

दत्तप्रसाद मात्र चिडला नाही. गोड हसून म्हणाला, "बरोबर आहे, जजसाहेब. पण बानूताई गेली तर तुझा डबा कोण करणार? स्विमिंगला कोण नेणार? मम्मीला तर ऑफिस."

सृष्टीने बानूकडे पाहिलं, मग बापाकडे. कोटाच्या लांब बाह्या मागे सारून तिने चमच्याने टेबल ठोकलं. "केस डिसमिस्ड!"

आईबापांनी टाळ्या पिटल्या. "जा बानूताई, तवा तापलाय," अनुपमा म्हणाली.

दोन वर्षं जिची वेणी घातली, तिच्याही तोंडून शेवटी आईबापच बोलले. सत्तेच्या खुर्च्या तीन मांडल्या होत्या, पण पोट तिघांचं एकच. ती आत गेली, गॅस बंद केला आणि आपला मोबाइल घेऊन परत आली.

"सृष्टी, त्या पानावर तक्रारीचा नंबर पण असेल ना? वाच बघू."

"ऑफ कोर्स!" जजच्या ऐटीत सृष्टी एकेक आकडा खणखणीत वाचत गेली. बानू दाबत गेली.

दत्तप्रसाद खुर्चीतून उठेपर्यंत पलीकडून हिंदीत आवाज आला, "जी, बोलिए." बानूने ओढणीला हात पुसले आणि घराचा पत्ता सांगायला सुरुवात केली.