नमुना सदनिका

सातव्या घरातला टीव्ही पुठ्ठ्याचा निघाला. बायकोचा धक्का लागला तसा तो आवाज न करता आडवा झाला. तिने तो उचलून पुन्हा उभा केला. नवरा बघत राहिला. पाचव्या घरापासून दोघांचं बोलणं बंद होतं. भांडण नव्हतं. शब्दांचा साठा संपला होता.

"नळ उघडू नका हं," घर दाखवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "भिंतीत नुसता खोचलाय. हे सगळं नमुना म्हणून. खरं घर अगदी असंच मिळेल."

"पाणी?"

"पाण्यासकट."

सहा वर्षांची मुलगी दारावरची पाटी वाचत उभी होती. नुकतीच वाचायला लागल्यामुळे ती दिसेल ते वाचत सुटायची. "न-मु-ना," तिने बोट ठेवून वाचलं. "बाबा, माझं नाव लावलंय."

घरी तिला नमुनाच म्हणत. पायजम्याच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून ती दिवसभर उड्या मारत फिरली होती, तेव्हापासून.

उद्या त्याला नव्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. जुन्या घराच्या किल्ल्या देऊन झाल्या होत्या. सामान ट्रकात होतं, आणि ट्रकवाला दर तासाला फोन करून एकच विचारत होता, "साहेब, उतरवू कुठे?" मुलगी मात्र एका अटीवर गावाबाहेर पडली होती. जिथे मैत्रीण मिळेल, तिथेच घर. "मिळेल की," बाबा म्हणाला होता. सहा वसाहतींत मिळून त्यांना भेटले चार वॉचमन, एक कुत्रा आणि बाकावर बसून हसणारे एक आजोबा. कुत्र्याबद्दल तिने थोडा विचार करून पाहिला होता.

"लहान मुलांसाठी काय आहे?" बायकोने कुजबुजत विचारलं. तान्हा तिच्या खांद्यावर झोपला होता.

मॅडमनी पडदा सरकवला. खाली बाग होती. बागेत बारा मुलं. घसरगुंडीवर रांग, झोके भरलेले, पकडापकडी चाललेली. बाकांवर आई-बाप बसलेले, तेही हसत.

मुलगी केव्हाच जिना उतरली होती.

ते दोघं खाली येऊन रिकाम्या बाकावर बसले, तोवर सीसॉच्या दुसऱ्या टोकाला एक दोन वेण्यांची मुलगी येऊन बसली होती.

"तू कितव्या मजल्यावर राहतेस?"

"मी इथे राहत नाही," वेण्यावाली वर जात म्हणाली. "मी इथे खेळते."

"रोज?"

"रविवारी. अकरा ते एक."

नवऱ्याने मॅडमकडे पाहिलं.

"अजून ताबा कुठे दिलाय, साहेब?" मॅडम म्हणाल्या. "राहायला कुणी आलेलंच नाही. रिकामी बाग बघितली की माणसं बिचकतात. म्हणून कंपनीने नमुना मुलं ठेवलीत."

"आणि ते आई-बाबा?"

"तेही. आजोबा तर तीन साइट सांभाळतात."

पलीकडच्या बाकावर तेच आजोबा होते. सकाळी चौथ्या वसाहतीत त्यांच्याकडे बघून बायको म्हणाली होती, "इथली माणसं समाधानी वाटतात."

"दुसरी पार्टी आली वाटतं. आलेच हं," म्हणून मॅडम गेल्या. ते दोघं तिथेच बसून राहिले. उठायला काही कारण नव्हतं.

एक वाजला. कुणीतरी शिटी मारली. घसरगुंडीवरून निम्म्यात आलेला मुलगा हाताने ब्रेक लावून थांबला. हसण्याचे आवाज एकदम बंद पडले, पंखा बंद व्हावा तसे. वॉचमनने कोपऱ्यातली पाटी आणून हिरवळीत रोवली: 'गवतावर पाय ठेवू नये.'

मुलं व्हॅनपाशी ओळीत उभी राहिली. शिटीवाला मोजायला लागला. "तेरा? तेरा कशी?" ओळीच्या टोकाला वेण्यावालीचा फ्रॉक धरून मुलगी उभी होती. "तू कोण गं?"

"मी नमुना."

"ते दिसतंय. नवीन का?"

"नाही. सहा वर्षं झाली."

"बरं, बस," शिटीवाला म्हणाला, आणि यादीत शेवटी एक रेघ ओढून बाकाकडे आला. "तुम्ही हिचे आई-बाबा ना? तुमची गाडी मागची. आणि साहेब, राग मानू नका, पण पुढच्या वेळी जरा हसत बसा. कुटुंब वाटायला हवं हो."

खिशातला फोन वाजायला लागला.

"गाडी कुठे जाते?" बायकोने विचारलं.

"जो तो राहतो तिथे."

बायको उठली. तान्ह्याला तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मागच्या गाडीत जाऊन बसली. नवरा फोनमध्ये म्हणाला, "आमच्या मागे ये," आणि तिच्या शेजारी बसला.

पुढच्या व्हॅनच्या काचेत दोन डोकी एकमेकांवर आपटत होती, हसून हसून. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

गाडीत आधीच बसलेल्या आजोबांनी सरकून जागा दिली. आता ते हसत नव्हते. दोन्ही हातांनी गाल चोळत होते.

"नवीन ना?" ते म्हणाले. "सुरुवातीला गाल फार दुखतात. मग काही जाणवत नाही."